ट्रकचा पुढचा डावा टायर आतून खातोय, वर घूंऽऽ आवाज : अलाइनमेंट की बेअरिंग?

जांबोटीकर
नमस्कार मंडळी. आमच्या घरची सहाचाकी गाडी खानापूर, बेळगाव, निपाणी या पट्ट्यात भाड्यावर असते. एरवी खडी आणि विटा, हंगामात ऊस. गाडी धाकटा भाऊ चालवतो, कामधाम मी बघतो.

पुढचा डावा टायर आतल्या कडेने खातोय. बाहेरची नक्षी अजून चांगली खोल आहे, आतली कड गुळगुळीत. उजव्या टायरला तसं काही नाही. चाळीसच्या पुढे वेग गेला की केबिनमध्ये खालून घूंऽऽ असा आवाज येतो. तवंदी घाट उतरताना उजव्या वळणावर तो वाढतो, डाव्या वळणावर जवळजवळ बंद होतो. आणि सपाट रस्त्यावर स्टेअरिंग सैल धरलं की गाडी हळूहळू डावीकडे ओढते.

अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घेतलं. मशीनचा छापील कागद मिळाला, त्यावर सगळे आकडे हिरवे. तरी टायर खाणं थांबलं नाही. आता एक फिटर म्हणतो बेअरिंग गेलं. दुसरा म्हणतो एक्सल वाकलाय, दाबून सरळ करून घ्या. खर्च कुठून सुरू करू?

निपाणीकर
डावीकडं वढतीया म्हंजे बेळगावहून निपाणीला येताना चंदगडकडं, आन् परत जाताना गोकाककडं. गाडीला दोन्ही राज्यांत पावणं हायत बघा! 😄
जोक सोडा. एक्सल दाबायची घाई करू नका. आधी जॅक लावा.

उद्यमबाग फिटर
जांबोटीकर, तुम्ही वळणाचं जे लिहिलंय ते फार कामाचं आहे. उजवीकडे वळताना गाडीचं वजन डाव्या चाकावर येतं. तेव्हा आवाज वाढतो आणि डावीकडे वळताना कमी होतो, म्हणजे आवाज डाव्या हबमधून (चाकाच्या मधल्या, बेअरिंग बसतं त्या भागातून) येण्याची शक्यता जास्त. पण टायर आतून खाण्याचं कारण तेच असेल असं नाही. दोन आजार एका चाकात असू शकतात.

घरी करता येईल अशी तपासणी सांगतो. गाडी सपाट, कडक जमिनीवर घ्या. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. जॅक एक्सलखाली लावून डावं चाक जमिनीपासून थोडं उचला आणि एक्सलखाली लाकडी ठोकळा द्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून कोणीही खाली जायचं नाही.

आता एक हात टायरच्या वर, एक खाली, आणि चाक आत-बाहेर हलवा. खेळ जाणवला तर भावाला केबिनमध्ये बसवून ब्रेक दाबून धरायला सांगा. टाकीत हवेचं प्रेशर हवं, नाहीतर ब्रेक लागणारच नाही. ब्रेक दाबला की ड्रम आणि ब्रेकचे शू एकमेकांना धरतात, त्यामुळे बेअरिंगचा खेळ लपतो. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर दोष बेअरिंगचा. तसाच राहिला तर किंगपिन (चाक ज्या उभ्या पिनवर वळतं ती) आणि तिच्या बुशचा. थोडा गेला, थोडा राहिला तर दोन्हीचा.

मग हात डाव्या-उजव्या बाजूला धरून हलवा. तिथे खेळ असेल तर टाय रॉडचे (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याचे) एन्ड, ड्रॅग लिंक, स्टेअरिंग बॉक्स बघा. एकाने हलवायचं आणि दुसऱ्याने प्रत्येक जोडावर बोट ठेवायचं. सैल जोड बोटाला लगेच कळतो.

शेवटी टायरखाली पहार घालून चाक वर उचलायचा प्रयत्न करा. चाक वर-खाली सरकलं तर किंगपिनचं थ्रस्ट बेअरिंग किंवा शिम झिजलेत.

हे सगळं झाल्याशिवाय अलाइनमेंटच्या मशीनवर गाडी नेऊ नका. मशीन त्या क्षणी चाक जसं उभं आहे तसं मोजतं. सैल चाक रिकामं उभं असताना एक आकडा देतं, आणि भरून खड्ड्यात गेल्यावर दुसऱ्याच कोनात असतं. तुमचा कागद खोटा नसेल, पण रस्त्यावर धावणाऱ्या चाकाबद्दल तो काहीच सांगत नाही.

हिशेबवही
वाचनखूण साठवली. आमच्या दोन गाड्या आहेत, हिशेब मी ठेवते. पुढचे टायर वेळेआधी गेले त्या प्रत्येक वेळी आधीच्या पानावर अलाइनमेंटचं बिल दिसतं, पण बुश किंवा बेअरिंगचं काहीच दिसत नाही. अलाइनमेंट स्वस्त आहे म्हणून ते आधी करायचं, ही सवय महागात जाते. एका टायरच्या किमतीत किंगपिनचं किट, ग्रीस आणि मजुरी भागून पैसे उरतात.

चिकित्सक
फिटर दादांशी बराचसा सहमत, पण आवाजाच्या बाबतीत थोडं थांबा. एका बाजूने खाल्लेला टायरही घूं घूं करतो. विशेषतः नक्षीचे ठोकळे एका कडेला चढ-उताराचे झाले असतील तर तो आवाज हुबेहूब बेअरिंगसारखा येतो, आणि वळणावर टायरवर भार आला की तोही बदलतो. म्हणून बेअरिंग उघडण्याआधी दोन गोष्टी करा.

एक, रस्ता बदलताना आवाज ऐका. गुळगुळीत डांबरावरून खडबडीत किंवा काँक्रीटच्या रस्त्यावर गेल्यावर आवाजाची पट्टी बदलली तर टायर. रस्ता कसाही असो, आवाज फक्त वेगाबरोबर चढत-उतरत असेल तर बेअरिंग. दोन, चाक उचललेलं असताना हाताने फिरवा आणि दुसरा हात पाट्यावर (लीफ स्प्रिंगवर) ठेवा. बेअरिंग खराब असेल तर कानाला काही ऐकू येण्याआधी पाट्यातून खरखर हाताला लागते.

घाटवाट
अनमोड घाटाने गोव्याला माल नेणारा मी. रामनगरच्या पुढे जो रस्ता आहे (की नाही!), तिथून पावसाळ्यात गेलेल्या गाडीचा डावा पुढचा हब बघावा. डावाच आधी का जातो? आपण डावीकडून चालतो. रस्त्याला मधून कडेकडे उतार असतो, म्हणून वजन किंचित डावीकडे झुकतं. कडेचे खड्डे, तुटलेली साइडपट्टी आणि साचलेलं पाणी सगळं डाव्या चाकाच्या वाट्याला येतं. समोरून गाडी आली की खाली उतरायचं तेही डाव्याच चाकाने.

गाडी थोडी डावीकडे जाणं हे रस्त्याच्या उतारामुळेही असतं. दोन्ही बाजूंना सारखा असलेला मोकळा रस्ता बघून परत तपासा. टायरमधली हवा दोन्हीकडे सारखी आहे का तेही बघा. डाव्यात हवा कमी असेल तरी गाडी तिकडेच ओढणार.

अथणीचा ट्रॅक्टर
ट्रक न्हाय माझ्याकडं, पण विचारतो. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाला बी हीच तपासणी चालंल का वो? ऊस वाहतुकीत पुढचं चाक डुलतंय.

उद्यमबाग फिटर
चालेल की. फक्त बऱ्याच ट्रॅक्टरना पुढच्या चाकाला ब्रेक नसतो, म्हणून ब्रेक दाबून फरक ओळखण्याची युक्ती तिथे लागू नाही. चाक हलवताना हब आणि स्टब एक्सल (हब ज्यावर फिरतो तो आखूड दांडा) यांच्या मधल्या फटीवर बोट ठेवा. फट कमी-जास्त झाली तर बेअरिंग. हब आणि स्टब दोन्ही मिळून हलले तर वरची पिन-बुश. चिखलणीत चाक बुडवलं असेल तर हंगाम लागायच्या आधी हब उघडून ग्रीस बदलाच.

चंदगडी
टायर हाताने वाचायची सवय सगळ्यांनी लावून घ्यावी. इंजिन बंद, गाडी उभी. तळहात नक्षीवरून आतून बाहेर फिरवायचा, मग बाहेरून आत. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला धार लागली तर टो बिघडलाय, म्हणजे चाक सरळ न फिरता थोडं फरफटतंय. धार न लागता फक्त एकच कड सपाट गेली असेल तर चाक कलतंय, म्हणजे कॅम्बरचा प्रश्न. दोन्ही कडा गेल्या तर हवा कमी, मधला भाग गेला तर हवा जास्त. जागोजागी खोलगट खाचा पडल्या असतील तर शॉक अब्झॉर्बर, बॅलन्सिंग किंवा सैल बेअरिंग.

जांबोटीकर, तुमच्या टायरला धार लागते का? तेवढं सांगा.

जांबोटीकर
@चंदगडी, आत्ताच बघून आलो. धार आहे. आतून बाहेर हात फिरवताना गुळगुळीत, बाहेरून आत आणताना बोटांना लागते. पण अगदी आतली दोन बोटं रुंदीची पट्टी सपाट आहे, तिथे धारच उरलेली नाही. उजव्या टायरलाही हलकी धार लागतेय, आधी लक्षात आली नव्हती.

चिकित्सक
हे महत्त्वाचं आहे. पुढचा एक्सल अखंड असतो आणि दोन्ही चाकं एकाच टाय रॉडने बांधलेली असतात. त्यामुळे टो चुकला तर खुणा बहुधा दोन्ही टायरवर दिसतात, एकावर ठळक आणि दुसऱ्यावर पुसट. फक्त डाव्यावर असलेली सपाट पट्टी मात्र त्या चाकाची स्वतःची आहे. म्हणजे टो-आउट (चाकं पुढून बाहेर फाकलेली) आहेच, आणि शिवाय डावं चाक वरून आत झुकतंय. भार आल्यावर असं झुकायला लावणारी नेहमीची जागा म्हणजे झिजलेला किंगपिन बुश.

संकेश्वरचा चालक
पण एक्सल वाकलाच नसेल कशावरून? ऊस भरताना कुणी वजन बघतं का? पुढच्या एक्सलवर काय येतं ते काट्यावर कधी कळत नाही, काटा सगळी गाडी एकदम तोलतो.

चिकित्सक
प्रश्न बरोबर आहे. 2018 मध्ये केंद्र सरकारने वजनाच्या मर्यादा वाढवल्या, तेव्हा दोन टायरच्या पुढच्या एक्सलची मर्यादा 6 टनांवरून 7 टन झाली आणि दोन एक्सलच्या ट्रकचं एकूण वजन 16.2 वरून 18.5 टनांवर गेलं. पण तो कायद्याचा आकडा आहे. जुन्या गाडीचा एक्सल, पाटे आणि बेअरिंग ज्या वजनासाठी बनलेत तेवढ्याचेच राहतात. ऊस केबिनच्या डोक्यावरून पुढे झुकवून भरला की पुढच्या एक्सलवर किती येतं ते सांगायला नको.

तरीही वाकलेला एक्सल हा शेवटचा संशय असावा. आणि एक्सल बनवणाऱ्या अनेक कंपन्या बीम (एक्सलचा मुख्य दांडा) दाबून किंवा तापवून कॅम्बर सुधारायला स्पष्ट मनाई करतात. तापवलेल्या पोलादाची ताकद जाते, आणि तो तुटला तर पुढची दोन्ही चाकं हातातून गेली. बीम खरंच वाकला असेल तर बदलायचा.

निपाणीकर
सहमत. आमच्याकडं एका गाडीचा बीम दोनदा दाबला, आन् दोष शेवटी बुशात निघाला.

हिशेबवही
अवांतर: ग्रीसिंगचा मुद्दा कोणी काढला नाही म्हणून लिहिते. किंगपिनला वर-खाली निपल असतात. पुढचा भार जमिनीवर असताना ग्रीस मारलं तर ते सगळीकडे पोचत नाही, चाक उचलून मारावं लागतं. आमच्या मेस्त्रींनी हे शिकवलं आणि जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत ते थांबतात. एखादा निपल ग्रीस घेत नसेल तर तो बदलायचा, पुढच्या वेळी बघू म्हणायचं नाही. मी वहीत तारखेसोबत कोणत्या निपलने ग्रीस घेतलं नाही तेही लिहून ठेवते.

घाटवाट
+1. आणि घाट उतरून आल्या आल्या पाण्यात गाडी घालू नका, धुवायलाही लगेच नेऊ नका. तापलेला हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ऑइल सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. कणकुंबी-जांबोटी भागातला पाऊस म्हणजे रस्त्यावर ओहोळच असतात. तिथे ज्यांना टाळता येत नाही त्यांनी पावसाळा संपला की दोन्ही हब उघडावेत.

जुना मेस्त्री
बेअरिंगच्या नटाबद्दल मतभेद होणार हे माहीत आहे, तरी सांगतो. आम्ही नट घट्ट आवळून एक चाव मागे घ्यायचो. गाड्या धावायच्या.

उद्यमबाग फिटर
मेस्त्री, तुमच्या हाताला अंदाज आहे, पण नवीन पोरं घट्ट आवळतात आणि मागे घ्यायचं विसरतात. टेपर रोलर बेअरिंगला थोडा खेळ लागतोच. हब तापला की लोखंड फुगतं. आधीच खेळ नसेल तर रोलर दाबले जातात, ग्रीस जळतं आणि बेअरिंग निळं पडतं. बऱ्याच जड गाड्यांच्या हबसाठी हा खेळ 0.025 ते 0.125 मिलिमीटर एवढाच धरतात. हाताने तो जेमतेम जाणवतो, म्हणून डायल गेज (बारीक हालचाल मोजायचं काट्याचं मापक) लावून बघावा. चाक फिरवत फिरवत नट आवळायचा म्हणजे रोलर आपल्या जागेवर बसतात, मग तो सोडून पुन्हा हलका लावायचा आणि मागे घ्यायचा. किती, ते आपापल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. लॉक वॉशर आणि पिन नवीनच.

जुना मेस्त्री
डायल गेज आमच्या काळात कुठे होतं! पण चाक फिरवत आवळायचं हे शंभर टक्के खरं. उभ्या चाकावर आवळलेला नट पहिल्या फेरीतच सैल होतो.

आणि एक. बेअरिंगचा कप (बाहेरची कडी) हबमध्ये सैल बसत असेल तर काही लोक आतून टोचे मारून तो अडकवतात. असं काम कुणी केलं तर गाडी तिथून उचलून आणा. टोच्यांच्या टोकांवर बसलेला कप वाकडा बसतो. हब एकतर बदलायचा, नाहीतर चांगल्या कारखान्यात स्लीव्ह बसवून घ्यायचा. बेळगावात मशीनवर काम करणाऱ्या हातांना तोटा नाही.

संकेश्वरचा चालक
कप चांगला दिसत असेल तर फक्त कोन (रोलरसकट आतली कडी) बदलला तर चालतं का? दुकानदार सुटा देतो.

उद्यमबाग फिटर
नाही. जोडी एकत्रच बदला. जुन्या कपावरचा नंबर वाचून द्या, आणि बॉक्सवर विसंबू नका. नामांकित नावाचे नकली बेअरिंग सर्रास मिळतात. नंबर कोरलेला स्वच्छ हवा आणि बिल पक्कं हवं.

चंदगडी
मागचा एक्सलही विसरू नका. पाट्याचा सेंटर बोल्ट तुटला की मागचा एक्सल सरकतो आणि गाडी तिरकी धावते. ती सरळ ठेवायला चालक स्टेअरिंग कायम थोडं वळवून धरतो आणि पुढचे टायर बिचारे मार खातात. पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेपने मोजा. फरक आला तर आधी तिकडे.

जांबोटीकर
सगळ्यांचे आभार. मोठा रिपोर्ट देतो.

चंदगडी यांच्या सांगण्याप्रमाणे दोन्ही बाजूंनी मोजलं, अंतर सारखं. डावं चाक उचललं. वर-खाली धरून हलवल्यावर चांगला खेळ होता. ब्रेक दाबल्यावर कमी झाला, पण गेला नाही. म्हणजे दोन्ही. टाय रॉडचा डावा एन्डही किंचित सैल होता.

हब उघडला तेव्हा आतल्या बेअरिंगचा कोन बघण्यासारखा होता. खालच्या बाजूला नखाएवढ्या पट्ट्यात पोपडे निघालेले, वरची बाजू एकदम चकचकीत. कपवर उलट, रोलरच्या अंतराअंतरावर तपकिरी गंजाच्या बारीक रेघा. ग्रीस दुधाळ झालं होतं. किंगपिनच्या वरच्या बुशमध्ये पिन हाताने हलत होती.

उद्यमबाग फिटर
एकदम स्पष्ट चित्र आहे. कोन स्टब एक्सलवर बसलेला असतो, तो फिरत नाही. म्हणून भार कायम त्याच्या खालच्या बाजूलाच येतो आणि पोपडे तिथेच निघतात. कप हबबरोबर फिरतो, त्यामुळे त्याची झीज सगळीकडे सारखी होते. त्याच्यावर रोलरच्या अंतराने गंजाच्या रेघा याचा अर्थ पाणी आत असताना गाडी बरेच दिवस एका जागी उभी होती. पावसात खडीचं काम बंद असतं, तेव्हाचं आहे ते.

सील नवीन टाकलं ना? आणि ब्रेकच्या लायनरला ग्रीस लागलं होतं का?

जांबोटीकर
सील दोन्ही नवीन. डाव्या लायनरला कडेला ग्रीस लागलं होतं, म्हणून लायनरही बदलले, दोन्ही बाजूंचे. दोन्ही किंगपिन किट, डावीकडची आतली-बाहेरची दोन्ही बेअरिंगं आणि टाय रॉडचा एन्ड नवीन. मग टो मोजला, मशीनवर न जाता. चाकं उचलून टायरवर खडू लावला, चाक फिरवत खिळ्याने मधोमध रेघ ओढली, गाडी खाली घेऊन थोडी पुढे ढकलली आणि हबच्या उंचीवर पुढून आणि मागून रेघेतलं अंतर मोजलं. पुढचं अंतर मागच्यापेक्षा जास्त निघालं, म्हणजे टो-आउट. मॅन्युअलप्रमाणे टो-इन (पुढचं अंतर मागच्यापेक्षा कमी) 2 मिलिमीटरवर आणला.

आवाज गेला. सपाट रस्त्यावर गाडी सरळ जाते. पण जुना डावा टायर कडेने गेलेलाच आहे. तो रिमवर उलटा करून चालवावा का?

हिशेबवही
मागे टाका. पुढे त्याच्यावर विश्वास ठेवू नका. आणि पुढच्या चाकाला रिमोल्ड (जुन्यावर नवी नक्षी चढवलेला) टायर लावू नका, कितीही स्वस्त मिळाला तरी.

चिकित्सक
मागे टाकतानाही जोडीतल्या शेजारच्या टायरचा घेर त्याच्याइतकाच असावा, नाहीतर मोठा टायर सगळं वजन घेईल. आतल्या कडेला तारा दिसत असतील तर मात्र कुठेच नको.

उद्यमबाग फिटर
पहिल्या दोन-तीन फेऱ्या करून आल्यावर दोन्ही हब उलट्या हाताने चाचपून बघा. हात जपून लावा, ब्रेकही तापवतो. डावा उजव्यापेक्षा जास्त तापत असेल तर थांबून नट परत तपासा. नवीन बेअरिंग बसल्यावर खेळ थोडा बदलतो, तेव्हा एकदा चाक उचलून बघणं चुकवू नका.

जांबोटीकर
तवंदी चढून आल्यावर बघतो आणि इथेच लिहितो. उजवा हब उघडलेलाच नाही अजून, तोही या रविवारी उघडणार.

निपाणीकर
रविवारी उघडताय तर फोटू टाका, कोनचा खालचा भाग दिसंल असा. आमच्या दोन पोरांना दाखवायचाय.